सहीमागचं काम : लिस्टेड कंपनीतलं आयएफसीचं वर्ष

जूनमध्ये निकाल जाहीर होऊन गेलेले असतात, स्टॅच्युटरी ऑडिटरची टीम बॅगा उचलून गेलेली असते आणि लोअर परळपासून अंधेरीपर्यंतच्या अकाउंट्स विभागांना जरा उसंत मिळते. आयएफसीचं, म्हणजे अंतर्गत वित्तीय नियंत्रणांच्या (इंटर्नल फायनान्शियल कंट्रोल्स) तपासणीचं, काम हातात घ्यायची वेळ तीच. जानेवारीत सुरू केलं तरी टेस्टिंग उरकता येतं, पण जे सापडेल ते दुरुस्त करून, ते पुन्हा चालताना दाखवायला वर्ष शिल्लक राहत नाही. आयएफसीवरचं ऑडिटरचं मत ३१ मार्च या तारखेचं असतं. ऑगस्टमध्ये सापडलेली त्रुटी मार्चपर्यंत भरून काढता येते, फेब्रुवारीत सापडलेली बहुतेक वेळा अहवालातच जाऊन बसते.

कायदा थोडक्यात सांगायला हवा, कारण तिथेच पहिला गोंधळ होतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३४(५)(ई) नुसार लिस्टेड कंपनीच्या संचालकांना लिहून द्यावं लागतं की अंतर्गत वित्तीय नियंत्रणं घालून दिली आहेत, ती पुरेशी आहेत आणि परिणामकारकपणे चालतात. इथे व्याप्ती मोठी आहे. व्यवसाय सुरळीत चालणं, मालमत्तेची सुरक्षितता, फसवणूक रोखणं, सगळं यात येतं. कलम १४३(३)(आय) खाली ऑडिटर मत देतो ते मात्र फक्त आर्थिक विवरणांशी संबंधित नियंत्रणांवर, आणि हे २०१५-१६ पासून बंधनकारक आहे. त्यात सेबीच्या लिस्टिंग नियमावलीतला नियम १७(८) आहेच, ज्याखाली सीईओ आणि सीएफओ संचालक मंडळाला प्रमाणपत्र देतात. ज्यांचे एडीआर (अमेरिकेतल्या शेअर बाजारात विकली जाणारी, शेअर्सच्या बदल्यातली प्रमाणपत्रं) न्यूयॉर्कला नोंदलेले आहेत, जसं एचडीएफसी बँक आणि आयसीआयसीआय बँक, त्यांना याशिवाय अमेरिकेचा २००२ चा सार्बेन्स-ऑक्स्ली कायदाही लागतो. बाकीच्यांनी अमेरिकन टेम्प्लेट जसंच्या तसं उचलू नये. एवढा कागद सांभाळायला माणसं नसतात आणि मग कागदच खोटा होऊ लागतो.

कुठली खाती घ्यायची ते आधी ठरतं. समजा उलाढाल ९०० कोटी आणि करपूर्व नफा ६० कोटी आहे. नफ्याचे ५ टक्के ही नेहमीची सुरुवात, म्हणजे मटेरिॲलिटी, ज्याहून मोठी चूक महत्त्वाची मानायची ती मर्यादा, ३ कोटी. प्रत्यक्ष तपासणीसाठी वापरायची कामाची पातळी त्याच्या ७५ टक्के धरली तर सव्वादोन कोटी. पण केवळ ३१ मार्चची शिल्लक बघून खाती वगळली तर फसगत ठरलेली. जीआर-आयआर खातं (आलेला माल आणि त्याचं बिल जुळवण्याचं मधलं खातं) आणि बँक क्लिअरिंग खातं वर्षअखेरीला जवळपास शून्य दिसतं, आणि वर्षभरात त्यातून शेकडो कोटी वाहून गेलेले असतात. सस्पेन्स (न उलगडलेल्या नोंदींचं तात्पुरतं खातं), पुरवठादारांना दिलेले ॲडव्हान्स आणि रिलेटेड पार्टीचे, म्हणजे कंपनीशी हितसंबंध असलेल्यांचे, व्यवहार शिल्लक कितीही लहान असली तरी यादीत ठेवावेत.

जुलै-ऑगस्टमध्ये वॉकथ्रू. एकच व्यवहार उचलायचा आणि मागणीपत्रापासून लेजरपर्यंत त्याच्यामागे जायचं, तेही काम करणाऱ्या माणसाच्या टेबलाशी बसून. कॉन्फरन्स रूममध्ये प्रोसेस ओनर सांगतो ती पद्धत मॅन्युअलमधली असते. टेबलाशी बसलं की दिसतं की जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) गोडाऊनवाला करत नाही, तो व्हॉट्सॲपवर चलनाचा फोटो पाठवतो आणि हेड ऑफिसचा मुलगा दुसऱ्या दिवशी एन्ट्री टाकतो. प्रत्येक पायरीला एक प्रश्न चुकवू नये : ‘हे जुळलं नाही तर तुम्ही काय करता?’ उत्तर लगेच आणि उदाहरणासह आलं, तर कंट्रोल खरंच चालतो. ‘असं कधी होत नाही’ हे उत्तर आलं की बहुतेक वेळा बघितलंच जात नसतं.

मग आरसीएम, म्हणजे रिस्क-कंट्रोल मॅट्रिक्स, प्रत्येक धोका आणि त्यावरचं नियंत्रण यांचा तक्ता. यातली वाक्यं फार महत्त्वाची असतात, आणि निम्मी त्रासदायक भांडणं आळशी वाक्यांतून निघतात. ‘फायनान्स मॅनेजर पेमेंट तपासतात’ हे वाक्य टेस्ट करताच येत नाही. तेच असं लिहावं : ‘दर मंगळवारी आणि शुक्रवारी पेमेंट रन काढल्यावर एपी (पुरवठादारांची देणी) मॅनेजर प्रस्ताव-यादीतली ५ लाखांवरची प्रत्येक ओळ इन्व्हॉइस, पीओ (खरेदी ऑर्डर) आणि जीआरएनशी ताडतात, बँक खातं व्हेंडर मास्टरशी जुळवतात, फरक असलेली ओळ ब्लॉक करतात आणि कारण यादीवरच लिहितात. यादी रन क्रमांकाने शेअर फोल्डरमध्ये राहते.’ कोण, कधी, कशाच्या आधारे, किती रकमेपासून, फरक निघाला तर काय आणि पुरावा कुठे, ही सगळी उत्तरं त्या एका परिच्छेदात सापडली पाहिजेत. असं लिहायला बसलं की सहीच्या मागे काम आहे की नाही हे टेस्टिंगच्या आधीच उघडं पडतं. आमच्या मते वर्षभरातला सगळ्यात मोलाचा वेळ या लिखाणात जातो. तो आर्टिकल्सवर (सीएच्या प्रशिक्षणार्थींवर) ढकलू नये.

खरेदी-पेमेंटमध्ये सगळ्यात मोठं भोक व्हेंडर मास्टरचं, म्हणजे पुरवठादारांच्या सिस्टिममधल्या मूळ माहितीचं. पुरवठादाराच्या नावाने ईमेल येतो की बँक खातं बदललं आहे, लेटरहेड हुबेहूब असतं, कॅन्सल चेकही जोडलेला असतो. खातं बदलतं, आणि पुढची तीन बिलं भलत्याच खात्यात जातात. थ्री-वे मॅच इथे काहीच रोखत नाही, कारण पीओ, जीआरएन, इन्व्हॉइस तिन्ही खरे असतात. अडवायचं ते बदलाच्या क्षणी. बदल मागणाऱ्या ईमेलमधल्या नंबरवर फोन करायचा नाही. आधीपासून मास्टरमध्ये असलेल्या नंबरवर करायचा, कोणाशी बोलणं झालं ते लिहायचं, एक रुपया पाठवून खातेदाराचं नाव पडताळायचं, आणि मास्टर बदलणारा व पेमेंट सोडणारा हे दोघे वेगळे ठेवायचे. एवढं करूनही एक वाट उरते : बदलाचा फॉर्मच न भरता सिस्टिममध्ये थेट केलेला बदल. म्हणून महिन्याला सिस्टिममधून बदलांचा लॉग काढायचा, सॅप ईसीसी या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी आरएफकेएबीएल०० हा तयार रिपोर्ट आहे, आणि लॉगवरून फॉर्मकडे जायचं. फॉर्मवरून लॉगकडे गेलं तर भरलेले फॉर्मच सापडतात, न भरलेला कधीच सापडत नाही. दिशा उलटी पडल्याने निरुपयोगी झालेले कंट्रोल्स इतर प्रक्रियांतही पुष्कळ दिसतात.

विक्रीत सगळं येऊन थांबतं कट-ऑफवर, म्हणजे कुठली विक्री कुठल्या वर्षात धरायची यावर. मुंबईच्या बहुतेक माल विकणाऱ्या कंपन्यांचं गोडाऊन भिवंडीला, बऱ्याचदा तिसऱ्याच कंपनीच्या ताब्यात. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बिलं धडाधड फाटतात. इंड एएस ११५ या हिशेबाच्या मानकानुसार विक्री तेव्हा, जेव्हा मालाचा ताबा ग्राहकाकडे जातो. नागपूरला पोच देण्याच्या अटीवर ३० मार्चच्या रात्री निघालेला आणि १ एप्रिलला पोचलेला माल मार्चची विक्री होत नाही, बिलावर तारीख कुठलीही असो. कंट्रोल असा लागतो : शेवटच्या पाच दिवसांच्या प्रत्येक बिलासमोर गेट आउटवर्ड रजिस्टरची वेळ, एलआर (ट्रान्सपोर्टरची पावती), ई-वे बिलाच्या भाग-बीमधला गाडी नंबर आणि ग्राहकाच्या शिक्क्याची पोच. नुसतं ई-वे बिल पुरत नाही, ते गाडी हलायच्या आधीच तयार होतं. गेट रजिस्टरमधला गाडी नंबर भाग-बीशी जुळला नाही, तर माल गोडाऊनमध्येच आहे अशी शक्यता धरूनच पुढे चौकशी करावी. एप्रिल-मेच्या क्रेडिट नोट्सही पाहाव्यात. मार्चच्या बिलांवर एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात मोठ्या परताव्यांची रांग लागली, तर मार्चमध्ये माल ढकलला गेला का, हा प्रश्न विक्री विभागाला लेखी विचारायचा.

त्याच गोडाऊनची स्टॉक मोजणी करताना मोजणाऱ्याच्या हातात पुस्तकी संख्या छापलेली शीट देऊ नये. ४१२ लिहिलेलं दिसलं की मोजणी ४१२ वरच येते. कोरी शीट, दोन माणसं, आणि मोजणी संपेपर्यंत त्या रॅकची हालचाल बंद. हालचाल थांबवता येत नसेल, तर मोजणीआधीच्या आणि नंतरच्या शेवटच्या दस्तऐवजाचे क्रमांक शीटवर टिपायचे, नाहीतर फरक माल कमी असल्यामुळे आला की वेळेमुळे, हे पुढे कोणीच सांगू शकत नाही.

आता रिव्ह्यू कंट्रोल, ज्यावर ऑडिटरशी दरवर्षी सर्वात लांब चर्चा होते. क्लोजिंगनंतर, म्हणजे तिमाहीचे हिशेब बंद केल्यावर, फायनान्स कंट्रोलर मागच्या तिमाहीशी खर्चाची तुलना करतात, १० टक्क्यांवरच्या फरकाची कारणं घेतात, सही करतात. कागदावर सुंदर. आता आकडे लावून पाहा. कच्च्या मालाचा खर्च ८० कोटी असेल तर १० टक्के म्हणजे ८ कोटी, आणि मटेरिॲलिटी ३ कोटी आहे. म्हणजे सात कोटींची चूक या चाळणीतून सरळ पार होते. उलट प्रवासखर्च ४० लाखांचा असेल, तर ४ लाखांसाठी तीन ईमेल लिहिले जातात. मर्यादा रुपयांत हवी आणि कामाच्या पातळीच्या बरीच खाली, समजा ७५ लाख. शिवाय तुलना कंपनीच्या एकूण आकड्यावर केली तर तळोज्याच्या प्लांटमध्ये जास्त धरलेले अडीच कोटी आणि दुसऱ्या प्लांटमध्ये कमी धरलेले अडीच कोटी एकमेकांना गिळून टाकतात, फरक शून्य दिसतो. प्लांटनिहाय, खातेनिहाय बघावं लागतं.

मागच्या तिमाहीशी तुलना म्हणजे मागची तिमाही बरोबर होती हे गृहीत धरणं, हीसुद्धा अडचण आहे. जिथे स्वतंत्र अंदाज बांधता येतो तिथे तो बांधावा. वीजखर्चासाठी मीटरची युनिटं गुणिले दर, व्याजासाठी सरासरी कर्ज गुणिले दर, पगारासाठी माणसं गुणिले सरासरी. अंदाज आधी लिहायचा आणि प्रत्यक्ष आकडा नंतर बघायचा. कारणं घेतानाही ‘व्हॉल्युम वाढल्यामुळे’ एवढ्यावर समाधान मानू नये. व्हॉल्युम ६ टक्के वाढला आणि खर्च १४ टक्के, तर उरलेले ८ टक्के कुठून आले ते त्याच कागदावर दिसलं पाहिजे. ऑडिटरला सहीत रस नसतो. कंट्रोलरांनी कोणत्या ओळीवर प्रश्न विचारला, उत्तर काय आलं आणि त्यामुळे एखादी नोंद बदलली का, हे तो शोधतो. वर्षभरात चारही तिमाहींत एकही प्रश्न विचारला गेलेला दिसत नसेल, तर तो कंट्रोल चालला असं आम्ही स्वतःहूनच मानत नाही.

आणि ज्या रिपोर्टवर हा रिव्ह्यू उभा, तो रिपोर्टच अर्धवट असला तर? येणी-वसुलीचा एजिंग रिपोर्ट घ्या, म्हणजे कुठलं येणं किती दिवसांचं आहे ते दाखवणारा. इंड एएस १०९ या मानकाखालची बुडू शकणाऱ्या येण्यांची तरतूद त्यावर बेतलेली असते. रिपोर्ट ड्यू डेटवर काढला की बिलाच्या तारखेवर, न जुळवलेल्या पावत्या वजा धरल्या की वेगळ्या दाखवल्या, एखादी बिझनेस एरिया निवडीतून सुटली का, यावर तरतूद कोटीने हलते. म्हणून रिपोर्ट काढताना निवडीचा स्क्रीनशॉट, ओळींची संख्या आणि एकूण रक्कम जपायची, आणि एकूण रक्कम त्याच दिवशीच्या लेजर शिलकीशी जुळवायची. एक्सेलमध्ये उतरवल्यानंतर कोणी ओळ पुसली नाही, हे त्या एकाच बेरजेतून सिद्ध होतं. याला पाच मिनिटं लागतात. मार्चनंतर हेच पुन्हा उभं करायला गेलं तर होत नाही, कारण तोवर डेटा पुढे गेलेला असतो.

आयटीच्या बाजूला आधी पाहायचं ते नोकरी सोडून गेलेल्यांचं. यादी एचआरकडून घ्यायची, आयटीकडून नाही. आयटीकडे फक्त त्यांना कळवलेली नावं असतात. कंत्राटी माणसं एचआरच्याही यादीत नसतात, ती ॲडमिनच्या गेटपास रजिस्टरमधून किंवा एजन्सीच्या बिलांमधून काढावी लागतात. आयडी उशिरा बंद झालेला दिसला तर शेवटच्या लॉगिनची तारीख लगेच काढायची. शेवटच्या कामाच्या दिवसानंतर आयडी वापरलाच गेला नसेल, तर त्रुटी राहते पण तिचं वजन कमी होतं. वापरला गेला असेल, तर त्या आयडीने टाकलेली प्रत्येक नोंद बघावी लागते. १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बंद न करता येणारा ऑडिट ट्रेल (प्रत्येक बदलाचा लॉग) सक्तीचा आहे, पण ॲप्लिकेशनमध्ये लॉग चालू असला तरी थेट डेटाबेसमध्ये केलेल्या बदलाचा लॉग बऱ्याच ठिकाणी बंद असतो. सर्व्हर हळू होतो म्हणून डेटाबेस सांभाळणारे डीबीए तो बंद ठेवतात. हे ऑडिटरच्या अहवालात थेट येतं, तेव्हा आयटीशी ही चर्चा जूनमध्येच करून घ्यावी. पगार बाहेरच्या कंपनीकडून होत असेल तर तिचा एसओसी १ टाइप २ अहवाल (तिच्या नियंत्रणांवरचा तिच्या ऑडिटरचा अहवाल) मागवा आणि त्यातली तारीख वाचा. अहवाल डिसेंबरपर्यंतचा असेल तर जानेवारी ते मार्चसाठी ब्रिज लेटर, म्हणजे मधल्या काळात नियंत्रणं बदलली नाहीत असं पत्र, लागतं. ग्राहकाने स्वतः करायची नियंत्रणं अशी एक यादी अहवालात असते, ती कोणी उघडत नाही, आणि नेमकी तीच आपल्याकडे चालत नसतात.

मेकर-चेकरबद्दल (व्यवहार टाकणारा एक, मंजूर करणारा दुसरा) मुंबईत एक गोष्ट खास सांभाळावी लागते. पहिल्या तिमाहीचं क्लोजिंग जुलैत येतं. पाऊस झोडपतो, लोकल ठप्प होतात, चेकर डोंबिवलीला किंवा विरारला अडकतो, आणि पगाराचा किंवा टीडीएसचा दिवस टळत नाही. मग चेकरचा टोकन मेकरच्या ड्रॉवरमध्ये राहू लागतो किंवा ओटीपी फोनवरून सांगितला जातो. सिस्टिममध्ये दोन नावं दिसतात, काम एकानेच केलेलं असतं, आणि टेस्टिंगमध्ये हे कधीच पकडलं जात नाही. पकडायचं असेल तर लॉगमध्ये मेकर आणि चेकर दोघांचे आयपी पत्ते आणि वेळा शेजारी ठेवायच्या. एकाच मशीनवरून चाळीस सेकंदांत दोन्ही झालं असेल, तर प्रश्न विचारायला हवा. उपायही सोपा आहे. प्रत्येक मंजुरीला नावानिशी पर्यायी माणूस, त्याला स्वतःचा टोकन, आणि तो मुद्दाम दुसऱ्या लाइनवर राहणारा. एक पश्चिम रेल्वेचा, एक मध्य रेल्वेचा.

टेस्टिंग सप्टेंबर ते डिसेंबर. नमुन्याचे रूढ आकडे असे : वार्षिक कंट्रोलला १, तिमाहीला २ आणि त्यातली एक वर्षअखेरची, मासिकला २ ते ३, साप्ताहिकला ५ ते ८, रोजच्याला १५ ते २५, दिवसातून अनेकदा चालणाऱ्याला २५ ते ४०. धोका जास्त असेल तिथे वरचा आकडा. नमुना निवडण्याआधी संपूर्ण यादी पूर्ण आहे का ते बघायचं, दस्तऐवज क्रमांकात खंड आहे का ते बघायचं. कंट्रोल वर्षाच्या मध्यात बदलला असेल, उदाहरणार्थ १ ऑक्टोबरपासून नवीन ईआरपी (कंपनीचं सगळं काम चालवणारं सॉफ्टवेअर) आलं असेल, तर त्या दोन वेगळ्या याद्या आहेत आणि दोन वेगळे नमुने. एखादा नमुना नापास झाला म्हणून त्याच्याजागी दुसरा उचलायचा नाही. नापास का झाला ते आधी शोधायचं. रजेवरच्या माणसाला पर्याय नव्हता हे कारण असेल, तर त्याच्या सगळ्या रजांचे दिवस तपासायचे, कारण चूक तिथेच साठलेली असणार. मागच्या तारखेने सही घेऊन पुरावा तयार करू देऊ नये. चुकलेली सही ही त्रुटी आहे, मागच्या तारखेची सही ही खोटी नोंद आहे, आणि दुसरीनंतर त्या विभागाच्या बाकी कागदांवरही विश्वास उरत नाही.

त्रुटीचं वजन ठरवताना ‘प्रत्यक्षात नुकसान झालं नाही’ हा युक्तिवाद हमखास येतो. तो टिकत नाही. मोजायचं असतं ते काय चुकू शकलं असतं आणि ते वेळेत सापडलं असतं का. व्हेंडर मास्टरच्या कॉलबॅकमध्ये, म्हणजे खातेबदलाच्या खात्रीसाठी करायच्या फोनमध्ये, २५ पैकी ४ नापास झाले आणि एकही पैसा चुकीच्या खात्यात गेला नाही, तरी वर्षभरातल्या खातेबदलांनंतर त्या पुरवठादारांना गेलेली रक्कम काढावी लागते. ती ११ कोटी असेल, तर मर्यादा ओलांडली गेली. मग भरपाई करणारं नियंत्रण आहे का ते बघायचं. पुरवठादारांची शिल्लक-पुष्टी तिमाहीला घेतली जाते, ठीक, पण किती टक्के पुरवठादारांकडून उत्तर आलं, आणि न आलेल्यांचं काय केलं? भरपाई करणारं नियंत्रणही टेस्ट करूनच पुढे मांडावं, नुसतं नाव घेऊन नाही. ऑडिटरने पकडलेली मोठी चूक, जी आपल्या एकाही कंट्रोलमध्ये अडकली नव्हती, ती दुरुस्त करून खाती स्वच्छ केली तरी मटेरिअल वीकनेसचं (नियंत्रणांतल्या गंभीर उणिवेचं) लक्षण म्हणून उरते. म्हणूनच आर्थिक विवरणांवर स्वच्छ मत आणि आयएफसीवर मात्र क्वालिफाइड (अपवाद नोंदवलेलं) मत असं होऊ शकतं, आणि सीएफओंना हे मे महिन्यात पहिल्यांदा कळता कामा नये.

दुरुस्ती केल्यावर कंट्रोल पुरेसा काळ चालताना दिसावा लागतो. रोजचा असेल तर महिनाभर पुरतो, मासिक असेल तर दोन-तीन महिने, तिमाहीचा असेल तर दोन तिमाही. हिशेब मागे नेला की कळतं : तिमाहीचा कंट्रोल डिसेंबरच्या क्लोजिंगपासून, म्हणजे जानेवारीत, बरोबर चालला नाही, तर ३१ मार्चसाठी त्याची दुसरी संधी येत नाही.

वार्षिक निकाल साठ दिवसांत, म्हणजे ३० मेपर्यंत द्यायचे असतात. एप्रिलमध्ये दोन कामं उरतात : सप्टेंबरमध्ये टेस्ट केलेली नियंत्रणं मार्चपर्यंत बदलली नाहीत याची विचारपूस आणि थोडा जादा नमुना, आणि वर्षअखेरच्या क्लोजिंगची नियंत्रणं, जी एप्रिलमध्ये चालतात पण ३१ मार्चचीच मानली जातात. याच आठवड्यांत मॅन्युअल जेव्ही, म्हणजे हाताने टाकलेल्या जर्नल नोंदी, नीट पाहाव्यात. क्लोजिंगनंतर पुन्हा उघडलेल्या पिरियडमधल्या, रविवारी टाकलेल्या, गोल रकमेच्या, विक्री आणि खर्चाच्या तरतुदी अशी विचित्र जोडी असलेल्या, आणि एरवी एन्ट्री न करणाऱ्या वरिष्ठाच्या आयडीवरच्या. इथे वरच्या माणसाला प्रश्न विचारायचा असतो, म्हणून हे काम अकाउंट्सच्या टीमकडे ठेवू नये, इंटर्नल ऑडिटकडे द्यावं, ज्यांना ऑडिट कमिटीकडे थेट जाता येतं.

ऑडिट कमिटीच्या टिपणात किती कंट्रोल्स टेस्ट झाले याचा तक्ता शेवटी टाकावा. सुरुवातीला खुल्या त्रुटी, प्रत्येकीसमोर जास्तीत जास्त संभाव्य रक्कम, भरपाई करणारं नियंत्रण टेस्ट झालं का, जबाबदार माणूस आणि तारीख. मागच्या वर्षी ‘बंद’ दाखवलेल्यांपैकी यंदा पुन्हा निघालेल्या त्रुटी वेगळ्या रकान्यात. सीईओ-सीएफओंच्या प्रमाणपत्रात ज्या त्रुटी ऑडिटर आणि कमिटीला कळवल्याचं लिहिलं जातं, ती यादी आणि ही यादी ओळीओळीने एकच असली पाहिजे. दोन विभागांनी दोन मसुदे केले की त्या जुळत नाहीत, तेव्हा सहीला जाण्याआधी एका माणसाने दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचावेत.